बाबांचं राहिलेलं तिखट

लालबागहून कुलाब्याला सुट्टीवर गेलेलं आमचं कुटुंब बहुधा पहिलंच असेल. बायकोच्या मनात केरळ होतं, माझ्या मनात घरीच लोळत पडणं होतं आणि बाबांच्या गुडघ्यांना कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापलीकडचा कुठलाच प्रवास मान्य नव्हता. शेवटी तोडगा मुलीने काढला. ती आता नोकरी करते. तिच्या कसल्याशा कार्डावर कसलेसे पॉइंट साठतात आणि ते पुरेसे साठले की समुद्रासमोरच्या हॉटेलात दोन दिवस फुकट राहता येतं, असं तिने आम्हाला समजावलं. मला नीट समजलं नाही. पण फुकट म्हटल्यावर मी कुठलीही गोष्ट समजून घ्यायचा हट्ट धरत नाही.

“आजोबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस पण तिथेच करू,” ती म्हणाली. “खाली मस्त सीफूड रेस्टॉरंट आहे.”

सीफूड म्हटल्यावर मी आणि बायकोने एकमेकांकडे बघितलं. ते का, ते सांगतो. आधी घरातून तर निघू.

बॅगा घेऊन लिफ्टमधून खाली उतरलो, तर बाकावर शेजारचे काका बसलेले.

“काय, गावाला?”

“नाही, कुलाब्याला.”

काकांचा चेहरा पडला. “कोण अ‍ॅडमिट आहे?”

“कोणी नाही हो. सुट्टीला चाललोय.”

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबांच्या काखेत घरची उशी होती, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. काकांनी माझा दंड हलकेच दाबला आणि म्हणाले, “काही लागलं तर फोन कर.”

आता त्या सीफूडचं. बाबांनी मासे सोडले होते.

हे वाक्य आमच्या ओळखीतल्या कुणालाही सांगितलं की तो आधी हसतो, मग गप्प होतो. कारण बाबा माशांशिवाय जेवत नसत, असं म्हणणं हाही त्यांचा अपमान आहे. माशांशिवायच्या जेवणाला ते जेवणच समजत नसत. सोमवार आणि गुरुवार हे त्यांच्या लेखी आठवड्यातले आजारपणाचे दिवस. त्यांची गिरणी बंद पडली, घरात ओढाताण सुरू झाली, तेव्हाही बाजारातून निदान मांदेलीचा एक वाटा यायचाच. आणायचे बाबा आणि रांधायची आई. पिशवी उघडली की आई आधी एक बांगडा उचलून उजेडात धरायची. बरा असेल तर काही बोलायची नाही. बरा नसेल तर म्हणायची, “आज डोळे घरी ठेवून गेला होतात काय?” त्यांच्या पन्नासेक वर्षांच्या संसारातलं प्रेमाचं बोलणं मला विचाराल, तर मी हे एवढंच ऐकलं आहे.

दोन वर्षांपूर्वी, आषाढ संपता संपता, आई गेली. बारावं झालं तोवर श्रावण लागला होता. आमच्याकडे श्रावणात मासळी येत नाही. श्रावणामागून गणपती आले. त्या वर्षी आमच्या घरात मूर्ती नव्हती, पण लालबागेत घरात गणपती नसला तरी तो खिडकीतून येतोच. गौरी पाण्यात गेल्या आणि दुसऱ्या दिवशी मी बाजारातून पापलेट घेऊन आलो. कुणीतरी सुरुवात करायला हवी होती. मी घरातला कर्ता मुलगा, शिवाय मला भूक लागली होती.

बायकोने पापलेट तळलं, ताटं घेतली. बाबांच्या ताटापाशी आल्यावर तिचा हात थांबला. बाबा ताटाकडे बघत बसले होते. तिने हळू आवाजात विचारलं, “बाबा, तुमच्यासाठी आमटी टाकू का?”

बाबा म्हणाले, “टाक.”

बस. या एका ‘टाक’वर आम्ही पुढची पावणेदोन वर्षं उभी केली. आईच्या मागे बाबांनी मासे सोडले, ही बातमी बायकोने तिच्या माहेरी फोन करून सांगितली. मी ऑफिसात सांगितली, तेव्हा आमच्या साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. इमारतीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना बाबांचं उदाहरण देऊ लागल्या आणि त्या नवऱ्यांचा माझ्यावरचा राग वाढत गेला. बायकोने बाबांच्या आमटीसाठी वेगळी छोटी पातेली आणली. तिला माशाचा हात लागू नये म्हणून ती वरच्या फळीवर, देवाच्या भांड्यांशेजारी ठेवलेली असे.

मासे तळायला घेतले की बाबा उठून खिडकीपाशी जाऊन बसायचे. आम्ही डोळ्यांनीच एकमेकांना खुणावायचो, की आठवण येते त्यांना, बोलू नका.

पहिलं वर्ष यात अभिमानाने गेलं. वर्षश्राद्ध झालं, तरी बाबा आमटीवरच होते, तेव्हा मात्र मला काळजी वाटायला लागली. ते वाळत चालले होते. जेवायला बसले की पाच मिनिटांत उठायचे. पूर्वी त्यांचं जेवण म्हणजे तासभराचं काम. एकेक काटा काढून ताटाच्या कडेला ओळीने लावायचे आणि एकीकडे सगळ्या खात्यांतल्या सगळ्या मुकादमांच्या गोष्टी सांगायचे. आता ना काटे, ना गोष्टी. मला वाटू लागलं, हा माणूस असाच आमटी भुरकत एक दिवस गप्पकन निघून जाईल आणि आम्ही त्याचं कौतुक करत बसू.

म्हणून मी ठरवलं, की पंचाहत्तराव्या वाढदिवसाला बाबांचं व्रत सोडवायचं. वार बुधवार, संकष्टी नाही, एकादशी नाही, मी कॅलेंडरवर बोट ठेवून खात्री केली होती. एक छोटंसं भाषणही तयार केलं. हॉटेलच्या बाथरूममध्ये टबाच्या काठावर बसून मी ते दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्या वेळी मला स्वतःलाच हुंदका फुटला.

बाहेरून बायको म्हणाली, “अहो, बरं वाटत नाहीये का? दुपारच्या बुफेत फार घेतलंत तुम्ही.”

संध्याकाळी मावशी आली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, गिरगावात राहते. तिच्या आणि बाबांच्या वयात फार अंतर नाही आणि बाबांची थट्टा करायचा परवाना तिला बहिणीच्या लग्नातच मिळाला आहे. सिल्कची साडी, अबोलीचा गजरा, हातात मेणकापडाची पिशवी. खालच्या त्या रेस्टॉरंटच्या दारात आल्याबरोबर ती थबकली.

“काय रे, लाइट गेलेत काय यांचे?”

“मावशी, असाच उजेड असतो अशा ठिकाणी.”

“मग काटे कसे दिसतात?”

“बोनलेस असतं,” मुलगी म्हणाली.

मावशीने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू तिने कुणाच्या तरी आजाराचं नाव घेतलं होतं.

आम्हाला काचेपाशी टेबल मिळालं. बाहेर समुद्र होता, पण आत इतके दिवे काचेत चमकत होते की समुद्राऐवजी आम्हीच आम्हाला दिसत होतो. मेनू वाचायला मुलीने मोबाइलचा टॉर्च लावला. मी घोटाळा न करता मागवता येईल असं काहीतरी शोधत होतो. शेवटी मी ज्याचं नाव सगळ्यांत लांब होतं ते सूप मागवलं. ते एवढ्याशा वाटीत फेसासकट आलं आणि फेस बसल्यावर खाली जे राहिलं ते बघून मावशी म्हणाली, “औषध घेतोस का रे?” सोलकढी उंच दांड्याच्या काचेच्या पेल्यात आली. ती मात्र मावशीने एका दमात संपवली आणि काही बोलली नाही. तिच्याकडून एवढं प्रशस्तिपत्रक पुष्कळ झालं.

मग वेटर बाबांकडे वळला. चांगला पोक्त, अदबशीर माणूस होता. “सर, तुमच्यासाठी?”

“व्हेज काय आहे?” बाबांनी विचारलं.

वेटरने आमच्याकडे बघितलं, मग बर्फावर मांडलेल्या त्या माशांच्या राशीकडे बघितलं. “मशरूम आहेत सर. पालक आहे.”

“आणा. काय असेल ते आणा.”

मावशीने भरलेले बोंबील मागवले होते. ते आले. आमच्याकडे बोंबील ताटात आडवे झोपतात. इथे ते हिरव्या चटणीत पाय रोवून उभे होते. पण वास तोच होता. रव्यात घोळवून तव्यावर टाकल्यावर येतो तो. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी मान फिरवून काचेकडे बघायला सुरुवात केली होती. घरी खिडकीपाशी बसतात तसेच.

मला वाटलं, हीच वेळ आहे. मी घसा साफ केला.

“बाबा, आज तुमचा वाढदिवस. मी काय म्हणतो, आईच्या मागे तुम्ही जे केलंत ते दुसरा कुणी करणार नाही. पण आईला तरी हे आवडलं असतं का? ती जिथे असेल तिथून…”

टेबलाखालून बायकोची चप्पल माझ्या नडगीवर बसली. मी थांबलो नाही.

“…तिथून ती बघत असेल, की ज्या माणसाला मी आयुष्यभर…”

“बाबा, पुरे,” मुलगी मला म्हणाली. मग तिने खुर्ची थोडी सरकवली आणि थेट आजोबांना विचारलं. “आजोबा, तुम्ही शपथ घेतलीय का?”

“कसली?”

“मासे सोडल्याची.”

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. त्यांना प्रश्न कळायला वेळ लागला असावा. मग ते बोलले, आणि इतक्या वर्षांत मुंबईत मागे पडलेलं त्यांचं गाव त्या एका वाक्यात परत आलं.

“मी खंय सोडलंय? माका कोणी घालूकच नाय.”

त्यांनी सोडले नव्हते. त्यांना कुणी वाढलेच नव्हते.

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर यायला लागली. आमच्या घराण्यात माणूस गेलं की सुतकाचे दिवस घरात मासळी शिजत नाही, हे काही वेगळं नाही. पण ती परत सुरू कशी करायची याची एक रीत आहे. घरच्यांनी आपणहून सुरू करायची नसते. बाई गेली असेल, तर तिच्या माहेरचं माणूस मासळी घेऊन येतं, आधी गेलेलीच्या नावाचं पान वाढतं आणि मग तिच्या नवऱ्याच्या ताटात पहिला घास घालून म्हणतं, जेवा आता. याला आमच्यात तिखट म्हणतात. ते झालं की सुतक खरं संपलं.

आणि आमच्याकडे ते झालंच नव्हतं. बारावं श्रावणात आलं. मावशी त्या दिवशी आली होती, पण मोकळ्या हाताने. जाताना म्हणाली होती, “गणपती गेले की येते.” मग गणपतीत तिच्या चाळीच्या जिन्यावर ती घसरली आणि तिचं मनगट मोडलं. ती आली एकदम दिवाळीला, हाताचं प्लास्टर निघाल्यावर. तोवर मी पापलेट आणून मोकळा झालो होतो. तिला वाटलं, आपल्याशिवाय उरकलं असेल कुणीतरी. आणि आम्ही तिला पहिलीच बातमी दिली ती बाबांच्या व्रताची. ती ऐकून ती रडली आणि तिने ती अख्ख्या गिरगावात पोचवली.

मावशीच्या हातातला काटा ताटलीत पडला. “भावोजी! म्हणजे तुम्ही माझी वाट बघत होतात?”

“तुझी म्हणून नाही गो,” बाबा म्हणाले. “तिच्या माणसाने म्हणायला हवं ना.”

“मग सांगायचं नाही? तोंड शिवलं होतं?”

“काय सांगू? मला मासे द्या? असं मागून घेतात?” मग बाबांनी सुनेकडे बघितलं, जरा चाचरतच. “आणि हिने ती नवी पातेली आणली. इतक्या मायेने आमटी करायची पोर. आणि हा…” म्हणजे मी, “हा येईल-जाईल त्याला सांगत सुटला. मी आता कुठल्या तोंडाने खाणार?”

बायकोने पदर तोंडाला लावला. मला आधी वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. मग माझ्या लक्षात आलं, की दोन्ही चालू आहे.

“मग खिडकीपाशी का जाऊन बसायचात?” मी विचारलं.

“अरे, वास सहन व्हायचा नाही!” बाबा ओरडले. पलीकडच्या टेबलावरच्या लोकांनी वळून बघितलं.

मावशी उठली. “हात कुठे धुतात इथे?” वेटरने लिंबाच्या पाण्याची वाटी पुढे केली. ती बाजूला सारून ती आत गेली, नळावर हात धुऊन आली. मग टेबलावरची लोण्याची छोटी बशी उचलली, आतलं लोणी माझ्या सुपाच्या वाटीत टाकलं आणि बशी रुमालाने स्वच्छ पुसली.

“भात आणा,” ती वेटरला म्हणाली.

“मॅडम, लेमन बटर राइस आहे, आणि…”

“पांढरा. साधा. जेवायचा.”

कुठून आणला कोण जाणे, पण त्याने आणला. मावशीने बशीत चमचाभर भात घातला, त्यावर बोंबलाचा एक तुकडा ठेवला, सोलकढीचे चार थेंब घातले आणि ती बशी काचेच्या बाजूला, जिथे कुणी बसलेलं नव्हतं, तिथे सरकवली. नमस्कार केला. आम्हीही केला. अशा ठिकाणी माणसाला फार संकोच वाटेल असं मला आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं असतं. प्रत्यक्षात मला काहीच वाटलं नाही.

मग तिने बाबांच्या पुढची पालकाची प्लेट उचलून माझ्यापुढे ठेवली, त्यांना नव्या प्लेटमध्ये भात वाढला, एक अख्खा बोंबील त्यावर आडवा झोपवला.

“जेवा आता, भावोजी. ताईच्या माहेरहून सांगते.”

बाबांनी घास केला. तो हातातच राहिला. ते त्याच्याकडे बघत होते आणि त्यांचा हात ताट आणि तोंड यांच्या मध्ये कुठेतरी अडला होता.

“म्हणजे झालं आता तिचं सगळं,” ते म्हणाले.

तेव्हा मला समजलं. आमचं सुतक कधीच फिटलं होतं. मी पापलेट आणलं त्या दुपारी आमच्यापुरती आई गेली होती, घड्याळ पुढे सुरू झालं होतं. बाबा बाराव्या दिवसावरच थांबले होते. तिच्या घरचं कुणीतरी यायचं राहिलं होतं, तिचं काहीतरी करायचं बाकी होतं. आणि जोवर ते बाकी होतं, तोवर ती पुरती गेलेली नव्हती. वाट बघण्याचा त्यांना जाच झाला असेलच. पण ती वाट संपवणंही त्यांच्या हातून होत नव्हतं.

“खा,” मावशी म्हणाली. “मेल्या बोंबलाचं पाणी होईल.”

बाबांनी घास तोंडात घातला, डोळे मिटले. आणि नेमक्या त्या क्षणी मागून टाळ्या वाजायला लागल्या. चार वेटर गाणं म्हणत केक घेऊन येत होते, त्यावर एक फुलबाजी तडतडत होती. वाढदिवस आहे, हे मीच सकाळी फोन करून सांगितलं होतं. बाबा तोंडात घास धरून, डोळ्यांतून पाणी वाहत, गाणं संपेपर्यंत तसेच बसून राहिले. वेटरांना वाटलं, साहेब फार भारावले. त्यांनी दुसऱ्यांदा म्हटलं.

जाताना एक वेटर काचेकडची बशी उचलायला लागला.

“राहू द्या!” आम्ही पाचही जण एकदम ओरडलो.

बाबांनी नंतर सगळे बोंबील संपवले. फोडून, मधला काटा अलगद वेगळा करून, ताटाच्या कडेला एकाशेजारी एक लावून. “बोंबील बोनलेस असतात असं कोण म्हणालं?” त्यांनी नातीला विचारलं. आणि मग सुरू झाले. एक मुकादम होता म्हणाले, तो डब्यात रोज सुका जवळा आणायचा आणि खात्यात कुणालाही त्याच्या शेजारी बसवत नसत. गोष्ट माझी पाठ होती. मी ती माझ्या पुढ्यातला पालक खात शेवटपर्यंत ऐकली.

सुट्टी संपवून आम्ही घरी आलो. शेजारचे काका बाकावरच होते. त्यांनी बाबांना सुखरूप बघून हात जोडले.

त्या शुक्रवारी बाबा स्वतः बाजारात गेले. मी सोबत येतो म्हटलं, तर म्हणाले, नको. गुडघ्यांनी कसं काय मान्य केलं, त्यांनाच ठाऊक. तासाभराने बांगडे घेऊन आले, पिशवी बायकोच्या हातात दिली आणि जेवायची वेळ होण्याआधीच टेबलापाशी येऊन बसले.

बांगडे काही खास नव्हते. दोन वर्षांत सवय मोडली होती, हात चुकला असणार. आम्ही सगळे ते मुकाट्याने खात होतो.

बाबांनीच एक तुकडा उचलून उजेडात धरला.

“ती असती तर म्हणाली असती, डोळे घरी ठेवून गेला होतात काय.”

पावणेदोन वर्षांत घरच्या ताटावर त्यांनी आईचं काही बोललेलं हे पहिलंच. बाबा जेवत राहिले. थोड्या वेळाने बायको सवयीने उठली, ओट्यावरची छोटी पातेली हातात घेतली आणि तिथेच थबकली. आजही तिने आमटी केली होती.

“आता काय करू हिचं?” ती मला हळूच म्हणाली.

बाबांना बरोबर ऐकू गेलं. त्यांनी भात थोडा बाजूला सारला, मध्ये खळगा केला.

“टाक,” ते म्हणाले.